चालत्या गाडीची कुरकुर

चैत्र लागला की अकोल्याच्या बाजारात माठ येतात. माठ घेणारी बाई तो आधी उचलून हातावर तोलते आणि मग बोटे दुमडून त्याच्या पोटावर वाजवून पाहते. खणखणीत वाजला तर भावाची घासाघीस सुरू होते. बद्द वाजला तर ती तो मुकाट्याने खाली ठेवते. कुंभाराने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नसतो, कारण माठाने स्वतःच उत्तर दिलेले असते.

मंडळी, आवाजावरून वस्तूची पारख करण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. कलिंगड आपण वाजवून घेतो. रुपया चांदीचा होता तेव्हा तो दगडावर वाजवून घेत. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके ठोकत जाणारा माणूस जुन्या लोकांनी पाहिलेला आहे. चाकाला तडा गेला असेल तर त्याचा नाद बसतो, एवढेच त्याला ऐकायचे असे. डॉक्टर छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकतात, ती रीतही अशीच आली. लिओपोल्ड औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ साली ती लिहून प्रसिद्ध केली. हा खाणावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिपात दारू कुठवर भरली आहे हे पीप ठोकून कळते, हे त्याच्या घरच्या धंद्यातले ज्ञान होते. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि तिच्यातून आजचा स्टेथॉस्कोप झाला. आपल्याकडचा मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो. तोही त्याच घराण्यातला समजा.

असे असून मोटारीत बसलो की आपण ही विद्या बाहेर ठेवून येतो. गाडी काही वेगळे वाजू लागली तर काचा वर करतो, नाहीतर रेडिओ मोठा करतो. आम्ही रेडिओवाले असूनही सांगतो: गाडीत अनोळखी आवाज आला, की पहिल्याने रेडिओ बंद करा.

हे मला कोणी शिकवले, ते सांगतो. २०२३च्या उन्हाळ्यात आम्ही घरची मंडळी एका लग्नासाठी अमरावतीहून अकोल्याला निघालो होतो. वाटेत एक चाक पंक्चर झाले. रस्त्यावरच्या एका दुकानात चाक काढून, पंक्चर जोडून परत बसवून घेतले आणि घाईने पुढे निघालो. मूर्तिजापूर मागे पडले. बोरगाव मंजूच्या दिशेने गाडी चालली होती, आत गाणी लागली होती. मागच्या सीटवर माझी मावशी बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, सारा जन्म दर्यापूर तालुक्यात शेतावर गेलेला. ती एकदम म्हणाली, "काय वाजून राह्यलं रे बाप्पा हे?"

गाडी चालवणारा भाचा म्हणाला, "काही नाही आजी, रस्ता खराब हाये."

"रस्ता तं लोण्यावाणी हाये," मावशी म्हणाली. "हे चाक वाजून राह्यलं. खीळ ढिली झाली म्हंजे बंडीचं चाक असंच वाजते. थांबव पहिले."

रस्त्याविषयी तिचे म्हणणे खरे होते. ज्या मार्गावरून आम्ही जात होतो त्याच अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत एका पट्ट्यावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले, आणि त्याची नोंद गिनीज बुकात गेली. रस्त्याला दोष देण्याची सोय आता राहिलेली नव्हती. गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या चार नटांपैकी एक गळून गेला होता, दोन बोटांनी फिरत होते. उरलेल्या एका नटाच्या भरवशावर लहान पोरांसकट सात माणसे चालली होती. दुकानदाराने नट हाताने फिरवून ठेवले असावेत आणि पाना लावायचा राहून गेला असावा. आम्हीही पाहिले नव्हते, तेव्हा दोष निम्मा आमचा.

मावशीला मोटारीतले काही कळत नाही. पण चाक, आस आणि खीळ यांचे नाते तिला ठाऊक होते. वंगण संपलेली बंडी कशी कुरकुरते, उन्हाने लाकूड आटून धाव ढिली झाली म्हणजे कशी वाजते, आरा सैल झाला की कसा वाजतो, हे तिने चाळीस वर्षे ऐकले होते. तुमच्यापैकी ज्यांनी बंडी हाकली आहे, त्यांनी मोटारीला बिचकण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

आवाज आला की आपण विचारतो, "कुठून येतो?" हा प्रश्न नैसर्गिक आहे, पण फसवा आहे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून सुमारे ५,००० मीटर. गाडीचा सांगाडा पोलादाचा, सगळे भाग त्याला जोडलेले. त्यामुळे मागच्या चाकातला आवाज पुढच्या सीटखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून "कुठून" नंतर विचारा. आधी "केव्हा" आणि "कशाबरोबर" विचारा. गाडी सुरू करताच येतो की चार किलोमीटर गेल्यावर? ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर? वळताना, खड्ड्यात की चढावर? आणि तो कशाबरोबर वाढतो, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर की चाकाच्या फेऱ्यांबरोबर?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्याचा निकाल लावायला मिस्त्री लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हळूहळू ॲक्सिलरेटर दाबा. तोच आवाज उभ्या गाडीतही आला आणि पाय दाबल्यावर वाढला, तर दुखणे इंजिनात किंवा इंजिनावर फिरणाऱ्या पट्ट्यांत आहे. उभ्या गाडीत काहीच ऐकू आले नाही, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर ३०-४०च्या वेगाने जाताना क्लच दाबून दोन-तीन सेकंद गाडी नुसती घरंगळू द्या. इंजिनाचा जोर गेला तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाक, टायर, बेअरिंग यांचा. जोर जाताच आवाज गेला किंवा बदलला, तर इंजिनाकडून चाकाकडे शक्ती नेणाऱ्या भागांचा.

हा प्रयोग करताना किल्ली मात्र फिरवायची नाही. चालत्या गाडीची किल्ली बंद केली की ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली बाहेर निघाली तर कुलूपबंदही होऊ शकते. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्याविषयी आज बोलत नाही. ज्यांच्या गाडीला क्लचच नाही, त्यांनी हा दुसरा प्रयोग मिस्त्रीवर सोडावा.

शिक्षक मंडळींसाठी यात एक छान गणित आहे. लहान मोटारीच्या चाकाचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर धरा, म्हणजे परीघ सुमारे १.८ मीटर. गाडी ताशी १८ किलोमीटरने चालली म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला पावणेतीन फेरे घेते, चार सेकंदांत अकरा. आता घड्याळ बघून टकटक मोजा. चार सेकंदांत दहा-अकरा वेळा वाजले, तर चाकाच्या फेऱ्याला एकदा वाजते आहे. मग बहुतेक वेळा ते टायरच्या खाचेत अडकलेला खडा, घुसलेला खिळा, नाहीतर सैल झालेला नट असतो. त्याच वेळी इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेत असते, म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस. ते मोजता येणार नाहीत इतके दाट असतात. सातवीच्या मुलांना हे उदाहरण घालून पहा. परिघाचे सूत्र पुन्हा विसरणार नाहीत.

खिळा सापडला तर तो लगेच उपटू नका. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये तोच खिळा बूच होऊन हवा धरून ठेवतो. स्टेपनी काढून तयार ठेवा, नाहीतर हवा पाहत हळूहळू पंक्चरच्या दुकानापर्यंत जा.

चाकाकडचे आवाज आपल्या भागात जास्त, आणि त्याला कारण आपली माती. वऱ्हाडातली काळी जमीन पावसात चिकट होते, हे तुम्हाला मी काय सांगावे! शेतातल्या वाटेने गाडी नेली की ती माती चाकाच्या आतल्या बाजूला रिंगमध्ये थापली जाते. दुसऱ्या दिवशी ती वाळून दगडासारखी होते. मग डांबरी रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते, खालून घूं-घूं येते, आणि माणूस घाबरून गॅरेज गाठतो. दुखणे इतकेच, की चाकाच्या एका अंगाला किलो-अर्धा किलो वजन जास्त झालेले असते. पाण्याची जोरदार धार आणि लाकडाची काडी, एवढ्याने काम होते. तरीही थरथर राहिली तर मात्र बॅलन्सिंग करून घ्या.

कापसाच्या हंगामानंतर दुसरा पाहुणा येतो, पराटी. उपटलेल्या पराट्यांवरून गाडी गेली की एखादी खाली अडकते आणि रस्ताभर खर्र-खर्र करीत फरफटत येते. आवाज मोठा, दुखणे लहान. परंतु हिला हसून सोडू नका. ती सायलेन्सरच्या गरम नळीला टेकली तर पेट घेऊ शकते. तशीच वाळक्या गवतावर किंवा कुटाराच्या ढिगाशी गरम गाडी उभी करू नका.

खाली वाकून पाहायचे असेल तर एक पथ्य पाळा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. काळ्या जमिनीत जॅक हळूहळू खचतो आणि कलंडतो. जॅकखाली जाड फळी घाला, समोरच्या बाजूच्या चाकांना दगड लावा, आणि काढलेले चाक गाडीच्या काठाखाली आडवे सरकवून ठेवा. नट आवळताना एक सोडून समोरचा, असे उलटसुलट आवळा आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावरच लावा. चाक काढून बसवले असेल तर पन्नास-एक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पहा. आम्ही हे आता चुकवत नाही. मावशी गाडीत असली तर तीच आठवण करते.

आता बेअरिंग. याचा आवाज सुरुवातीला कळत नाही. लांबून विमान जात असावे तशी घुमणारी गूंऽऽ, वेगाबरोबर चढणारी. पुष्कळ लोक याला टायरचा आवाज समजतात, आणि असमान झिजलेला टायर खरोखर असाच घुमतो. दोहोंत फरक कसा करायचा? रस्ता बदला. गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताना आवाजाची जात बदलली, तर टायर. डांबर असो की सिमेंट, त्याचा सूर तोच राहिला, तर बेअरिंग. मग कोणत्या बाजूचे? मोकळ्या रस्त्यावर सावकाश डावीकडे लांब वळण घ्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घुमणे वाढले तर उजव्या बाजूवर संशय घ्या. उजवीकडे वळताना वाढले तर डाव्या बाजूवर. बंडीतही हेच होते: एका बाजूला झुकली की त्या बाजूची आस कुरकुरते. बेअरिंग लगेच तुटत नाही, म्हणून लोक ते महिनोन्महिने ओढतात. पण ते तापते, खुळखुळते आणि शेवटी चाकच डगमगू लागते. घूं-घूंची खर्र-खर्र झाली असेल तर लांबचा प्रवास करू नका.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक आवाज आहे. चौकात स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवताना कट-कट-कट-कट असे वाजते आणि सरळ झाली की थांबते. हा ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा जॉइंट. त्यावर रबराचा बूट असतो आणि आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, धूळ-माती आत जाते, आणि आतले छर्रे आपली जागा खाऊ लागतात. नुसता बूट फाटला असतानाच बदलला तर थोडक्यात भागते, म्हणून पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात का, हे अधूनमधून पाहत जा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपला, काळी-पिवळीला किंवा मालाच्या गाडीला मधून लांब फिरणारा शाफ्ट असतो. तिथे आवाज निराळा. गिअर टाकून क्लच सोडताच "टंक", रिव्हर्स टाकताच पुन्हा "टंक". मिस्त्री त्या सांध्याला "क्रॉस" म्हणतात. तो सुकला किंवा झिजला आहे. ग्रीसचे निपल असेल तर आधी ग्रीस भरून पहा.

खड्ड्यातला खडखडाट बहुधा झिजलेल्या बुशांचा, शॉकअब्सॉर्बरचा किंवा जोडसळयांचा असतो. त्यात रात्रीतून काही घडत नाही. पण स्टिअरिंग भलतीकडे ओढत असेल तर तो खडखडाट साधा समजू नका. डिकीतला जॅक, पाना आणि स्टेपनीचा बोल्ट आधी तपासा म्हणजे निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. एका गुरुजींनी महिनाभर ऐकलेली खडखड ही सीटखाली घरंगळणारी पितळी पेल्याची निघाली होती.

ब्रेकविषयी जरा थांबून बोलतो. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकना घासल्यासारखा आवाज येतो. तो रात्रीतून चढलेल्या गंजाच्या पापुद्र्याचा, आपोआप जातो. परंतु रोज, दर ब्रेकला, बारीक तार ओढल्यासारखी कीं-कीं येऊ लागली तर ती मुद्दाम केलेली योजना असते. अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडला पोलादाची बारीक पट्टी लावलेली असते. पॅड झिजत शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर आले की ती पट्टी डिस्कला टेकून किंचाळते, "आता बदला." तेव्हा ऐकले तर पॅडवर भागते. नाही ऐकले तर काही दिवसांनी ती किंकाळी थांबते आणि लोकांना वाटते, बरे झाले, आवाज गेला! प्रत्यक्षात पट्टी झिजून गेलेली असते. पुढचा आवाज खर्र-खर्र, लोखंडावर लोखंडाचा. डिस्क खराब होते, खर्च कितीतरी पट वाढतो, आणि गाडी पूर्वीच्या अंतरात थांबत नाही.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलात तर घाटात हे ब्रेक आणि इंजिन दोन्ही बोलू लागतात. चढताना वरच्या गिअरमध्ये जोर केला की इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखी किटकिट येते. पेट्रोलचे मिश्रण वेळेआधी, वेडेवाकडे पेटते, त्याची ती तक्रार. दाब सोडा, खालचा गिअर घ्या, ती थांबते. खालच्या गिअरमध्येही येतच राहिली तर दाखवून घ्या. उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. जळकट वास आला, पायाखालचा ब्रेक नरम वाटू लागला, तर सुरक्षित जागी गाडी लावून ब्रेक निवू द्या. गरम ब्रेकवर पाणी ओतू नका.

इंजिनाच्या आवाजांत भोळे किती आणि कपटी किती हे कळले पाहिजे. सकाळी गाडी सुरू करताच चीं करून ओरडते आणि मिनिटात गप्प होते, तो पट्टा. सैल झाला आहे, किंवा तडकला आहे, किंवा ज्या चाकांवर फिरतो ती एका रेषेत नाहीत. चालू पट्ट्यावर आतल्या, रेघांच्या बाजूने लांबून थोडे पाणी शिंपडले आणि आवाज क्षणभर थांबला तर रेषेचा दोष. उलट वाढला तर सैलपणाचा. हा प्रयोग मिस्त्रीच करतील तर बरे. करायचाच तर धोतराचा सोगा, ओढणी, उपरणे, हातातले कडे, सगळे दूर ठेवा. आणि लक्षात असू द्या, विजेवर फिरणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

इंजिनाच्या वरच्या भागातून शिवणयंत्रासारखी टिकटिक आली तर ऑइलची काडी काढून पहा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. ऑइल कमी असेल तर ते भरा. पुष्कळदा एवढ्यानेच ती थांबते, पण ऑइल गेले कुठे याचा शोध घेणे राहतेच.

खालच्या भागातून येणारा जड, बोजड ठक-ठक मात्र वेगळा. लोहार घणाने सावकाश ठोकतो तसा, आणि पाय दाबला की जोराने. त्यात समोर ऑइलच्या बुधल्याचे लाल चित्र लागले असेल तर "पुढच्या गावापर्यंत नेतो" म्हणू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन तिथल्या तिथे बंद करा. पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह आवरा. आतले बेअरिंग ऑइलवाचून कोरडे फिरते आहे. आणखी दोन-चार किलोमीटरांत कनेक्टिंग रॉड इंजिनाचे पोट फोडून बाहेर येऊ शकतो. गाडी ओढून न्यायचा खर्च जड वाटतो, पण नव्या इंजिनापुढे तो काहीच नाही.

आणि ज्याचा आवाज लहान पण घात मोठा, तो म्हणजे फुटलेल्या सायलेन्सरचा. गाडी सुरू करताच फट-फट, पुढे पुढे ट्रॅक्टरसारखी. लोक याची थट्टा करतात. परंतु इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. नळी गाडीच्या पोटाखाली फुटली असेल आणि काचा बंद करून, एसी लावून माणसे झोपली असतील, तर तो आत साठतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. उन्हात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा सावलीत गाडी लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून पोरांना निजवण्याची पद्धत पडली आहे. सायलेन्सर फुटका असो वा नसो, ती सोडा. फट-फट ऐकू आली, की काचा उघड्या ठेवून गॅरेजला जा आणि नळी आधी जोडून घ्या.

काही आवाज निखालस निरुपद्रवी असतात. गाडी बंद केल्यावर निवणारे लोखंड टिक-टिक करते. एसी चालू-बंद होताना "टक" होते. डिझेलचे इंजिन थंडीत कडकडते. यासाठी पैसे खर्च करू नका. आपली गाडी चांगली असताना कशी वाजते हे एकदा, रेडिओ बंद करून, शांतपणे ऐकून ठेवा म्हणजे बिघडल्यावर फरक कळेल. बाजू शोधायची युक्तीही सांगून ठेवतो. एखाद्या जिनिंगची लांब भिंत किंवा पुलाचा कठडा असेल त्याच्या शेजारून, काच उघडी ठेवून, हळू जा. भिंत त्या बाजूच्या चाकांचा आवाज तुमच्या कानाकडे परत पाठवते. मग दुसऱ्या बाजूने या.

महामार्गावर थांबावेच लागले तर पट्ट्याच्या पूर्ण बाहेर थांबा, चारी दिवे लुकलुकते ठेवा, तांबडा त्रिकोण मागे पन्नास-एक पावलांवर लावा, आणि माणसांना रस्त्याकडे पाठ करून उभी न करता दूर कडेला नेऊन बसवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणि कोठेही संकटात ११२.

मिस्त्रीकडे गेल्यावर "गाडी वाजते" एवढेच सांगू नका. आमचे एक जुने मिस्त्री आहेत. ते गाडीकडे बघण्याआधी विचारतात, "गुरुजी, कवापासून वाजून राह्यली? थंडी असतानी का गरम झाल्यावर? वळतानी का सरळ?" उत्तर मिळाले नाही तर म्हणतात, "मंग तुमी चालवा, मी बाजूले बसतो." हे त्यांचे मला आवडते. एका कागदावर चार ओळी लिहून न्या: केव्हापासून, कोणत्या वेगाला, काय केल्यावर वाढतो, काय केल्यावर थांबतो. शक्य असेल तर त्यांना शेजारी बसवून फेरी मारा. मोबाइलवर आवाज भरून नेला तरी चालेल, पण तो शेजारी बसलेल्याने भरावा, चालवणाऱ्याने नाही. काम झाल्यावर बदललेला जुना भाग मागून घ्या. तो तुमचा असतो, आणि खरोखर बदलला की नाही हेही त्यावरून कळते.

गुरुजींना तर तो भाग फारच उपयोगी. निकामी बेअरिंग रॉकेलने नीट धुऊन वर्गात न्या, शेजारी एक चांगले बेअरिंग ठेवा. मुलांना डोळे मिटायला सांगून दोन्ही कानाजवळ एकेक करून फिरवा आणि कोणते खराब ते ओळखायला सांगा. शेतकऱ्यांची पोरे पहिल्या फिरकीतच सांगतात.